मोल्दोवात कुणी घरी बोलावलं, तर

राजधानी किशिनाऊला आल्यावर पहिले काही महिने आपण आपल्यातच असतो. वैद्यकीय विद्यापीठात लातूरची, नाशिकची, केरळची, हरयाणाची मुलं भेटतात, खोलीत कुकर शिट्ट्या देतो आणि मोल्दोवा खिडकीबाहेरच राहतो. मग एक दिवस वर्गातली एखादी मुलगी किंवा घरमालकीणबाई म्हणते, "रविवारी आमच्या गावी चल." हा लेख त्या रविवारसाठी आहे.

मी पहिल्यांदा अशी गेले तेव्हा दारातच दोन चुका केल्या आणि जेवताना तिसरी. उंबऱ्याच्या बाहेरूनच हात पुढे केला, दुसऱ्या हातात मोजून आठ गुलाब होते, आणि ताटात वाढायला आलेल्या आजींना "नको" म्हणून सरळ ताटावर हात आडवा धरला. पहिल्या दोन चुका हसण्यावारी गेल्या. तिसरी मात्र आजींना लागली. इथे पाहुणा येतो तो घेण्यासाठी, आणि मला घेता येत नव्हतं. आता इतक्या वर्षांनी वाटतं की बाकीच्या रीती पुस्तकातून समजतील, पण घेण्याची रीत आधीच कुणीतरी सांगायला हवी होती.

निघण्याआधी

देश लहान आहे. पश्चिमेला प्रुत नदी आणि पलीकडे रोमानिया, बाकी तिन्ही बाजूंनी युक्रेन. २७ ऑगस्ट १९९१ रोजी सोव्हिएत संघातून स्वतंत्र झाला. भाषा रोमानियन. कायद्यातला 'मोल्दोवन भाषा' हा उल्लेख बदलून 'रोमानियन' करण्याचा ठराव संसदेने २०२३ मध्ये केला, पण गावातली वयस्क माणसं अजून "आम्ही मोल्दोवन बोलतो" असंच सांगतात. ज्या घरी बसलात त्या घरी जो शब्द चालतो तो वापरा आणि हा वाद आपण होऊन काढू नका. नीस्त्रू नदीपलीकडच्या, मोल्दोवापासून फुटून वेगळा कारभार चालवणाऱ्या ट्रान्सनिस्ट्रियाचा विषयही तसाच. दक्षिणेला कोम्रातच्या बाजूला गागाऊझ लोक राहतात. त्यांची भाषा तुर्कीच्या जवळची आणि धर्म ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती. त्यांच्या चालीरीती काही बाबतींत वेगळ्या आहेत. मी पुढे सांगते ते मुख्यतः रोमानियन बोलणाऱ्या गावांबद्दल.

शब्द चार-पाच पुरेत. "बुना झिउआ" म्हणजे नमस्कार, "मुल्त्सुमेस्क" म्हणजे आभारी आहे. वाढदिवस, सण, नवं वर्ष, कशालाही "ला मुल्त्स आन" चालतं. मोठ्यांना 'तू' म्हणायचं नाही, 'दुम्नावोआस्त्रा' म्हणायचं. तू आणि तुम्ही यांतला फरक आपल्या अंगवळणी असल्यामुळे इंग्रजीत वाढलेल्यांपेक्षा आपल्याला हे सोपं जातं. मुलगे वयस्क बाईंना "सरुत मिना" म्हणतात. अर्थ 'हात चुंबतो', पण म्हणण्यापुरताच. गावच्या रस्त्यावर समोरून येणाऱ्या अनोळखी माणसालाही नमस्कार करायचा असतो. किशिनाऊत असं केलंत तर लोक वळून बघतील. गावात नाही केलंत तर बघतील.

रिकाम्या हाताने जाऊ नये हे तुम्हाला सांगायला नको. फुलं नेणार असाल तर विषम संख्येत न्या: तीन, पाच, सात. सम संख्येची फुलं मेलेल्या माणसासाठी. माझे आठ गुलाब बघून मैत्रिणीच्या आईने काहीही न बोलता त्यातला एक काढून स्वतःच्या कानामागे खोचला होता, त्याचा अर्थ मला परतीच्या गाडीत कळला. फुलांबरोबर चॉकलेटचा डबा असला की झालं. फार महागाचं काही नेऊ नका, समोरच्याला परतफेडीचं ओझं होतं.

दारात

उंबऱ्यावरून हात मिळवायचा नाही, काही द्यायचं-घ्यायचं नाही. आत या किंवा त्यांना बाहेर येऊ द्या. चपला-बूट दारातच काढायचे, ही आपल्या घरासारखीच सवय. फक्त अनवाणी राहू देत नाहीत. लगेच 'पापुच', म्हणजे घरात घालायच्या सपाता, पायाशी येतात. त्या घाला. थंड फरशीवर पाय टेकवणं, दगडी पायरीवर बसणं आणि दोन उघड्या खिडक्यांमधल्या वाऱ्यात उभं राहणं यांनी माणूस आजारी पडतो यावर इथे सगळ्यांचा ठाम विश्वास आहे. त्या वाऱ्याला 'कुरेंत' म्हणतात. माझ्या वर्गातल्या, सूक्ष्मजीवशास्त्रात उत्तम गुण मिळवलेल्या मुलीसुद्धा कुरेंतला घाबरतात. वाद घालून बघितलाय, उपयोग नाही.

लग्न किंवा मोठं स्वागत असेल तर दारात भरतकाम केलेल्या टॉवेलवर गोल पाव आणि मधोमध मीठ घेऊन कुणी उभं असतं. पाव उचलून घ्यायचा नसतो. कडेचा छोटा तुकडा तोडायचा, मिठाला टेकवायचा, खायचा. एवढंच.

जुन्या घरात एक खोली बंद ठेवलेली असते, 'कासा मारे'. शब्दशः 'मोठं घर', खरं म्हणजे घरातली सगळ्यात चांगली खोली. भिंतीवर लोकरीचे गालिचे, कोपऱ्यात देवाची चित्रं आणि त्यांच्यावर टॉवेल, पलंगावर छतापर्यंत रचलेल्या उशा आणि दुलया. हे मुलीचं आहेर-सामान असायचं आणि किती रचलंय त्यावरून घराची ऐपत कळायची. तुम्हाला त्या खोलीत बसवलं तर तो मान आहे. उशांवर बॅग टाकू नका. गालिचा कुणी विणला हे मात्र जरूर विचारा, बहुतेक वेळा उत्तर "माझ्या आजीने" असं असतं आणि मग पुढचा अर्धा तास मजेत जातो. रोमानिया आणि मोल्दोवातली ही भिंतीवरच्या गालिच्यांची विणकला २०१६ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली, आणि खांद्यावर भरतकाम असलेला पारंपरिक ब्लाऊज २०२२ मध्ये.

ताटावर

ममलिगा होताना बघायला मिळाली तर स्वयंपाकघरात जाऊन उभे राहा. बिडाच्या भांड्यात मिठाचं पाणी उकळतं, त्यात मक्याचं पीठ वैरतात आणि लाकडी दांड्याने घोटत राहतात. पीठ भांड्याच्या कडा सोडायला लागलं की भांडं लाकडी पाटावर उपडं करतात. पिवळाधमक गोळा वाफाळत, किंचित थरथरत उभा राहतो. त्याला सुरी लावत नाहीत. एक दोरा गोळ्याखालून सरकवतात, दोन्ही टोकं धरून वर ओढतात आणि गुळगुळीत काप पडतो. सोबत ब्रिंझा, म्हणजे मेंढीच्या दुधाचं खारट चीज, आणि आंबटसर घट्ट साय. लसणाची चटणीवजा पातळ 'मुझ्देय' असली तर आपल्या जिभेला घरी आल्यासारखं वाटतं. मी तर लाल तिखटाची पुडी पर्समध्ये ठेवते. यजमानाने न बघता वापरायची.

शाकाहारी असाल तर सगळ्यात कामाचा शब्द 'दे पोस्त'. "मी शाकाहारी आहे" म्हटलं की आजी मांडीचा तुकडा बाजूला करून "यात मांस नाही, कोंबडी आहे" म्हणून सूप वाढतील. पण ऑर्थोडॉक्स माणसाला उपवास नीट कळतो. त्यांच्या उपवासाला पोस्त म्हणतात आणि त्यात मांस, अंडी, दूध, लोणी, चीज काहीच चालत नाही. आपल्या उपवासाला दूध चालतं आणि धान्य चालत नाही, त्यांचं बरोबर उलटं. ईस्टरआधीचे सात आठवडे आणि नाताळाआधीचे ४० दिवस मोठे उपवास असतात, शिवाय एरवीही बरेच जण बुधवार-शुक्रवार पाळतात. त्या काळात खाणावळींतही दे पोस्त पदार्थ वेगळे मिळतात. तुम्ही "दे पोस्त" म्हणालात की कुणी कारण विचारत नाही, उलट थोडा आदरच वाढतो. फक्त काही दिवशी मासे चालतात, म्हणून "पेश्ते?" असं विचारून खात्री करून घ्या.

प्लचिंता हा आपला सखा. लाटून पातळ केलेल्या पिठात कोबी, बटाटा, लाल भोपळा किंवा चीज भरून भाजलेली किंवा तळलेली पोळी. याउलट सरमाले, म्हणजे द्राक्षाच्या किंवा कोबीच्या पानात गुंडाळलेला भात, दिसायला निरागस असतो आणि आत बहुधा खिमा असतो.

आता ती माझी तिसरी चूक. ताट रिकामं झालं की भरलं जातं, म्हणून थोडं ठेवायला शिका. नको असेल तर हात आडवा करू नका. एक घास घ्या, चांगलं झालंय म्हणा, मग थांबा. आग्रह दोनदा-तीनदा होतो, आपल्या पंगतीसारखाच, आणि त्याला कंटाळायचं नसतं. उठताना "मुल्त्सुमेस्क पेंत्रु मासा" म्हणायचं, जेवणाबद्दल आभार. रिकामी बाटली टेबलावर ठेवत नाहीत, खाली जमिनीवर ठेवतात. अविवाहित मुलीला टेबलाच्या कोपऱ्याशी बसू देत नाहीत, नाहीतर म्हणे लग्न जमत नाही. मला दोनदा उठवलंय.

तळघरात

जेवण झाल्यावर, कधी आधीच, घरचे आजोबा म्हणतील, "चला, बेच बघू." बेच म्हणजे तळघर. गावातल्या बहुतेक घरांमागे द्राक्षाचे वेल असतात आणि वाइन घरचीच असते. पायऱ्या उतरताना डोकं सांभाळा. खाली गारवा, ओल्या मातीचा आणि आंबलेल्या द्राक्षांचा वास, भिंतीला लावलेली लाकडी पिंपं, फळ्यांवर हिरव्या टोमॅटोंच्या बरण्या. एका पिंपात खारवलेली अख्खी कलिंगडं होती, ती बघून मी गप्पच झाले. आमच्या त्या आजोबांनी पिंपातून रबरी नळीने वाइन जगमध्ये काढली, एकच पेला भरला, "नोरोक", म्हणजे पिण्याआधीची शुभेच्छा, म्हणून आधी स्वतः घेतला, मग तोच पेला पुन्हा भरून माझ्या हातात दिला. पेला एक आणि माणसं पाच. उष्टं-खरकटं आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं, तेव्हा हा क्षण अवघड जातो हे मला माहीत आहे. पण पेला हातोहात फिरतो तो मुद्दामच.

पीत नसाल तर तळघरात उतरायच्या आधी सांगा, पेला हातात आल्यावर नाही. "अँटिबायोटिक चालू आहे" हे कारण मोल्दोवात सगळीकडे मान्य होतं. गाडी चालवायची आहे हेही. तत्त्वाचं कारण दिलंत तर चर्चा लांबते. तरीही पेला हातात घ्या, ओठाला लावल्यासारखं करा, पुढे द्या. कुणाला वाईट वाटत नाही. पीत असाल तर घरची वाइन हलकी वाटते म्हणून फसू नका, वर येताना त्याच पायऱ्या असतात. 'राकिउ' नावाचं पाण्यासारखं स्वच्छ काही पुढे आलं तर ती वाइन नव्हे.

वाइनचा अभिमान किती आहे ते बघायचं असेल तर किशिनाऊजवळच्या मिलेश्ती मिच किंवा क्रिकोवा इथल्या जमिनीखालच्या बोगद्यांत जा. मिलेश्ती मिचच्या सुमारे १५ लाख बाटल्यांच्या साठ्याची २००५ मध्ये गिनीज बुकात नोंद झाली. ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवार-रविवारी राष्ट्रीय वाइन दिन असतो. पण बोगद्यात फिरणं वेगळं आणि कुणाच्या बेचमध्ये उभं राहणं वेगळं.

लग्नाचं बोलावणं

आधी ननाश कोण ते बघा. ननाश आणि ननाशा हे विवाहित जोडपं नवरा-नवरीच्या पाठीशी उभं राहतं, चर्चमध्ये त्यांच्या बाजूला मेणबत्त्या घेऊन उभं असतं आणि पुढे आयुष्यभर त्यांचं धर्माचं आईबाप होऊन राहतं. आपल्याकडे मामाला जसा लग्नात मान, तसा इथे ननाशांना. फक्त रक्ताचं नातं लागत नाही. मुलाच्या बाप्तिस्म्याला जे धर्माचे आईबाप होतात ते मुलाच्या आईबापांचे 'कुमत्रू'. ही नाती इतकी खोल जातात की राजकारणातल्या वशिलेबाजीला इथे 'कुमत्रिझम' म्हणतात.

पाहुण्याला करायचं थोडंच. पैशांचं पाकीट द्यायचं. किती ते आपल्याबरोबर बोलावलेल्या स्थानिक मित्राला विचारा, संकोच करू नका, तेही एकमेकांना विचारतात. संध्याकाळी सुरू झालेलं जेवण पहाटेपर्यंत चालतं, म्हणून पहिल्या तासात पोट भरून घेऊ नका. होरा सुरू झाली, म्हणजे हात धरून मोठं रिंगण, की कुणीतरी तुमचा हात ओढेलच. जा. शेजारच्याच्या पायांकडे बघितलं की तिसऱ्या फेरीला जमतं. मधोमध शिरू नका, आणि जोडीने नाचणाऱ्या दोघांचे हात सोडवून तर अजिबात नको.

मध्यरात्रीनंतर नवरीला खुर्चीवर बसवतात. ननाशा तिच्या डोक्यावरचा झिरझिरीत पदर उतरवते आणि जागी रुमाल बांधते. आता ती मुलगी नाही, बाई. नवरी एकदा-दोनदा रुमाल झटकून टाकते, तशी रीतच आहे. आया रडतात. या वेळी टाळ्या-शिट्ट्या नकोत आणि मोबाइलचा दिवाही नको. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या जड डोक्यांवर उतारा म्हणून झ्यामा असते, कोंबडीचं आंबटसर शेवयांचं सूप. पोस्तच्या काळात चर्चमध्ये लग्न लागत नाही, त्यामुळे मुहूर्तांची गर्दी इथेही होते.

वर्षभर खिशात काय असावं

१ मार्चला लाल-पांढऱ्या दोऱ्याचे छोटे गोंडे, मर्त्सिशोर. फेब्रुवारीच्या शेवटी किशिनाऊच्या रस्त्यांवर त्यांची दुकानं लागतात, दहा-बारा घेऊन ठेवा आणि वर्गातल्या मुलींना, शिक्षिकांना, घरमालकीणबाईंना द्या. छातीवर डावीकडे टाचतात. राखीशी गल्लत करू नका, कुणी भाऊ-बहीण होत नाही. महिनाभर लावून मार्चअखेरीस बहरू लागलेल्या झाडाच्या फांदीला बांधतात. एप्रिलमध्ये जर्दाळूच्या झाडांवर ते लोंबताना दिसतात. ही प्रथा २०१७ मध्ये युनेस्कोच्या यादीत आली, रोमानिया, बल्गेरिया आणि उत्तर मॅसिडोनियासकट. मुलांनो, लगेच ८ मार्चला फुलंही न्यायची असतात. विसरलात तर भोगा.

नाताळ दोनदा, २५ डिसेंबर आणि ७ जानेवारी, कारण काही चर्च नवं कॅलेंडर पाळतात आणि काही जुनं. सुट्टी दोन्ही दिवशी. "तुमचा कधी?" हा प्रश्न विचारायला हरकत नाही. संध्याकाळी मुलं कोलिंदा, म्हणजे नाताळाची गाणी, गात दारोदार येतात, नव्या वर्षाच्या आदल्या संध्याकाळी नांगराचं गाणं म्हणत घंटा वाजवतात आणि नववर्षाच्या सकाळी "सेमन, सेमन" म्हणजे "पेरतो, पेरतो" म्हणत घरात धान्याचे दाणे फेकतात. जुन्या कॅलेंडरने हेच सगळं पुन्हा १३-१४ जानेवारीला. दाराशी सुटी नाणी आणि गोळ्या ठेवा. पहिल्या वर्षी माझ्याकडे फक्त पारले-जी होती, ती चालली.

प्रत्येक गावाचा एक 'ह्राम' असतो, गावच्या चर्चच्या संताचा दिवस. जत्रेला लेकी-जावई गावी येतात तसे सगळे येतात आणि एका घरी जेवून निघालात की दुसरं घर वाट बघत असतं. किशिनाऊचा ह्राम १४ ऑक्टोबरला.

एक दिवस मुद्दाम शेवटी ठेवला

ईस्टरला लाल अंडी एकमेकांवर आपटतात. एक जण म्हणतो "ह्रिस्तोस आ इनव्यात", ख्रिस्त उठला. दुसऱ्याने म्हणायचं "अदेवरात आ इनव्यात", खरंच उठला. पुढचे ४० दिवस हाच नमस्कार. हे लगेच जमतं. त्यानंतर आठव्या दिवशी, सोमवारी, येतात 'पाश्तेले ब्लाजिनिलोर', ब्लाजिन लोकांचा ईस्टर. जुन्या समजुतीप्रमाणे ब्लाजिन म्हणजे जगाच्या टोकाला, पाण्याच्या पलीकडे राहणारे शांत, भोळे लोक. ईस्टर कधी असतो ते त्यांना कळत नाही. म्हणून बायका लाल अंड्यांची टरफलं वाहत्या पाण्यात सोडतात. ती वाहत त्यांच्यापर्यंत पोचायला आठवडा लागतो, तेव्हा कुठे त्यांचा सण होतो. आज हा दिवस घरच्या मेलेल्या माणसांचा आहे. देशभर सुट्टी असते.

बोलावलं तर नक्की जा. गडद, साधे कपडे घाला, मुलींनी डोक्याला रुमाल बांधा. कबरी आठवडाभर आधीच साफ करून रंगवलेल्या असतात, त्यांच्यावर किंवा शेजारच्या टेबलांवर टॉवेल अंथरून जेवण मांडलेलं असतं. पाद्री धूप घेऊन एकेका कबरीपाशी थांबतात. थोडी वाइन मातीवर ओततात. इथे पेल्याला पेला लावायचा नाही, "नोरोक" म्हणायचं नाही.

मग वाटप सुरू होतं. मला वाटलं होतं की मी बाजूला उभी राहीन. दोन ओळींपलीकडच्या एक अनोळखी आजी सरळ माझ्याकडे आल्या. हातात कोलाच, म्हणजे वेणीसारखा विणलेला गोल पाव, त्यात खोचलेली पेटती मेणबत्ती, खाली नवाकोरा टॉवेल आणि निळ्या फुलांचा चहाचा मग. "इओनच्या आत्म्यासाठी." मी "मुल्त्सुमेस्क" म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि हात मागे घेतला नाही. मैत्रीण कानाशी पुटपुटली तेव्हा कळलं: मृताच्या नावाने दिलेल्या दानाला आभार मानायचे नसतात, "बोगदाप्रोस्ते" म्हणायचं. मी म्हणाले. आजींनी पाव माझ्या हातात ठेवला आणि पुढच्या माणसाकडे गेल्या.

पैसे देऊ करू नका, नको म्हणू नका, मेणबत्ती वाटेत विझली तर घाबरू नका. दुपारपर्यंत माझ्याकडे सहा कोलाच, तीन टॉवेल, चार मग आणि ओळखीचं कुणीही नसलेली पाच-सहा नावं जमली होती. सगळं हातात धरून दोन तास रुतिएरात, म्हणजे इथल्या मिनीबसमध्ये, उभ्याने परत आले. तुम्ही जाताना एक मोठी रिकामी कापडी पिशवी घडी करून सोबत ठेवा.